जीवदानानंतरची जबाबदारी

अमेरिकेच्या सरकारी कोंडवाड्यांत आणि सरकारने भाड्याने घेतलेल्या खासगी कुरणांवर आज ६०,००० हून जास्त रानटी घोडे ठेवलेले आहेत. पश्चिमेकडच्या दहा राज्यांत, मोकळ्या सरकारी जमिनीवर जे घोडे आणि गाढवं अजून हिंडतात, त्यांची संख्या २०२५ च्या अंदाजानुसार ७३,००० च्या आसपास आहे. म्हणजे बाहेर जितके आहेत, त्यांच्याहून थोडेच कमी आत आहेत. आतल्यांच्या दाणावैरणीवर आणि देखभालीवर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च होतो. घोड्यांच्या व्यवस्थापनासाठी मिळणाऱ्या पैशातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा तिथेच संपतो. ज्या १९७१ च्या कायद्यामुळे हे सगळं उभं राहिलं, त्यात या घोड्यांना पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत प्रतीकं म्हटलं आहे आणि त्यांना पकडणं, डागणं, छळणं किंवा मारणं यापासून संरक्षण दिलं आहे. आज त्याच कायद्याखाली दरवर्षी हजारो घोडे पकडले जातात आणि त्यांच्या मानेवर डाव्या बाजूला ओळखीचा डाग उमटवला जातो.

हे कुणा दुष्ट माणसांमुळे झालं असं मला वाटत नाही. एखाद्या प्राण्याला मारायचं नाही असं समाजाने ठरवलं की त्याच क्षणी त्याच्या वाढत्या संख्येचं काय करायचं हेही ठरवावं लागतं. अमेरिकेने पहिला निर्णय मनापासून घेतला आणि दुसरा पन्नास वर्षं पुढे ढकलला. माझं सगळं म्हणणं याच ढकलण्याबद्दल आहे.

पहिला निर्णय किती मोठा होता, हे आधी सांगायला हवं. १९५० साली नेवाडा राज्यात रेनोजवळ वेल्मा जॉन्स्टन नावाची बाई गाडीने कामाला निघाली होती. पुढे चाललेल्या ट्रकमधून रक्त गळताना तिला दिसलं. आत रानटी घोडे कोंबलेले होते. विमानं आणि ट्रक वापरून घोड्यांचा पाठलाग करायचा, दमवून पकडायचे आणि कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यासाठी कत्तलखान्यात धाडायचे, असा धंदा तिथे उघड चालत होता. वेल्मा एका कचेरीत सचिव होती, लहानपणी पोलिओ झालेली, राजकारणाशी संबंध नसलेली. ती या धंद्याच्या मागे लागली. विरोधकांनी चिडवायला ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ नाव ठेवलं, तेच तिने मिरवलं. १९५९ मध्ये सरकारी जमिनीवर मोटारगाड्या आणि विमानांनी रानटी घोड्यांची शिकार करायला, त्यांचे पाणवठे विषारी करायला बंदी घालणारा कायदा झाला. पुढे शाळकरी मुलांच्या पत्रांचा वॉशिंग्टनवर अक्षरशः पाऊस पडला. १९७१ च्या कायद्याला दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात पडलं नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबरमध्ये त्यावर सही केली. व्हिएतनाम युद्धाने दुभंगलेल्या त्या काळात सगळे सदस्य एका बाजूला आले, ते या घोड्यांसाठी.

पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, ज्याची आठवण घोडेप्रेमींना कमी आणि पशुपालकांना जास्त असते. जमिनीवरचा नैसर्गिक समतोल टिकेल एवढेच घोडे ठेवावेत आणि जास्तीचे हलवावेत, असंही त्यात लिहिलं आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याने सगळ्या कळपांसाठी मिळून जी कमाल मर्यादा ठरवली आहे ती सुमारे २६,००० ची. आजची संख्या तिच्या जवळजवळ तिप्पट आहे. २०२० मध्ये तर ती ९५,००० पर्यंत गेली होती.

घोड्याचा कळप मोकळा सोडला तर साधारण १५ ते २० टक्के दराने दरवर्षी वाढतो. चार-पाच वर्षांत दुप्पट. लांडगे त्या मुलखातून केव्हाच संपवले गेले. नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर माँटगोमेरी पास परिसरात पहाडी सिंह शिंगरं मारतात आणि त्यामुळे तिथला कळप आवाक्यात राहिल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे, पण अशी ठिकाणं थोडी. निम्म्याच्या आसपास घोडे एकट्या नेवाडात आहेत आणि नेवाडा हे अमेरिकेतलं सगळ्यात कोरडं राज्य. मैलोन्‌मैल सेजब्रशची करडी झुडपं, मधे कुठेतरी एखादा झरा. त्या झऱ्यावर हरणं येतात, सेज ग्राउस नावाचे पक्षी येतात, बेडूक राहतात. घोड्यांचा मोठा कळप त्या पाण्यावर आला की बाकीची जनावरं लांब उभी राहतात, काठ तुडवला जातो, ओलसर जमिनीतलं गवत मुळासकट जातं. घोड्याला गाईसारखं रवंथ करता येत नाही. त्यामुळे तेवढंच पोषण मिळवायला त्याला चारा जास्त लागतो, आणि वरखाली दोन्हीकडे पुढचे दात असल्याने तो गवत जमिनीलगत कुरतडू शकतो. सेज ग्राउसचं दुखणं आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा माळढोक आपण डोळ्यांदेखत हरवत गेलेला पाहिला आहे. मोकळ्या माळावर नाचणारा, जमिनीवर घरटं करणारा पक्षी माळ बिघडला की दुसरीकडे जाऊ शकत नाही.

दुष्काळात घोड्यांचेही हाल कुत्रा खात नाही. २०१८ च्या मे महिन्यात अ‍ॅरिझोनात, नव्हाहो लोकांच्या भूमीवर ग्रे माउंटनजवळ एका आटलेल्या तळ्यात १९१ मोकाट घोडे मेलेले सापडले. पाण्यासाठी आत गेले आणि मांड्यांपर्यंत, काही तर मानेपर्यंत चिखलात रुतले. ती जमीन या कायद्याखाली येत नाही, हे खरं. पण ‘निसर्ग आपोआप समतोल राखतो’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा तो समतोल प्रत्यक्षात कसा दिसतो ते त्या तळ्यात दिसलं. ज्यांना घोड्यांना हात लावू नये असं वाटतं, त्यांनी या मरणाची जबाबदारीही आपली मानावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आता गुरांचा प्रश्न. इथे घोडेप्रेमी जे म्हणतात त्यातलं पुष्कळ बरोबर आहे आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. याच खात्याच्या ताब्यातल्या साडेपंधरा कोटी एकर जमिनीवर खासगी गुरं आणि मेंढ्या चरायला परवाने आहेत. घोड्यांसाठी ठेवलेली जमीन अडीच कोटी एकरांच्या थोडी वर, आणि तिच्यातही बऱ्याच ठिकाणी गुरं चरतातच. १९७१ मध्ये जिथे घोडे होते त्यातली मोठी जमीन नंतर त्यांच्याकडून काढून घेतली गेली. एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चारायला पशुपालक सरकारला काय देत होता? २०१९ पासून २०२५ पर्यंत सतत १.३५ डॉलर. खासगी कुरणावर याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. सरकारी जमिनीवरची धूप, नदीकाठांची नासाडी, विदेशी गवताचा फैलाव यांत गेल्या दीडशे वर्षांतल्या गुराढोरांचा वाटा घोड्यांपेक्षा खूप मोठा आहे. घोड्यांवर बोट दाखवून गुरांचा हिशोब मिटवता येत नाही. आणि घोड्यांची २६,००० ही मर्यादा नेमकी कशी काढली, हेही खात्याला नीट सांगता आलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने २०१३ च्या अहवालात या मर्यादा पारदर्शक नाहीत आणि विज्ञानाच्या पायावर नीट उभ्या नाहीत, असं स्पष्ट लिहिलं.

तरीही गुरं काढली की प्रश्न सुटेल, हे मला पटत नाही. साधा हिशोब करून बघावा. घोड्यांच्या जमिनीवरचं प्रत्येक गुरू उद्या हलवलं आणि घोड्यांना पूर्ण मोकळीक दिली, तर आजचे ७३,००० याच दराने आठ वर्षांत दोन लाखांच्या पलीकडे जातील. गुरांनी मोकळा केलेला चारा एकदाच मिळतो, दुपटीकरण मात्र थांबत नाही. गुरं कमी करायलाच हवीत. पण ती घोड्यांच्या वाढीचं उत्तर म्हणून नव्हे, तर जमिनीला विश्रांती हवी म्हणून.

घोडा तिथला मूळचा की उपरा, यावर तिकडे फार शाई खर्च झाली आहे. घोड्याचं कूळ उत्तर अमेरिकेतच उदयाला आलं, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तिथून नाहीसं झालं, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून परत आलं. पुढे मैदानी मुलखातल्या आदिवासी जमातींनी त्याला असं आपलंसं केलं की घोड्याशिवाय त्यांचा इतिहास सांगताच येत नाही. एका बाजूला हा प्राणी घरी परतलेला वाटतो, दुसऱ्या बाजूला पाळीव वंशाचा मोकाट सुटलेला. मला हा वाद निर्णायक वाटत नाही. मूळचा असला तरी त्याच्याबरोबरचे त्या काळचे शिकारी प्राणी परतलेले नाहीत. उपरा असला तरी त्याला पाचशे वर्षांचा इतिहास आहे आणि कायद्याने राहण्याचा हक्क आहे. झऱ्याच्या काठाला जन्मदाखला लागत नाही.

मग खात्याने काय केलं? मुख्यतः हेलिकॉप्टर वापरलं. डोंगरउतारावरून कळपाला खाली हाकत आणायचं, कापडाच्या भिंतींमधून अरुंद होत जाणाऱ्या वाटेत घालायचं, आणि शेवटी एक शिकवलेला घोडा पुढे सोडायचा. तो कुंपणाच्या दारातून आत पळतो आणि बाकीचे त्याच्या मागे. पकडताना काही घोडे मरतात, पाय मोडतात, माना मोडतात. जे वाचतात त्यांची ताटातूट होते. घोड्यांची कुटुंबं असतात, एक नर, काही घोड्या, त्यांची शिंगरं, आणि घोड्यांमधली ओळख वर्षानुवर्षं टिकते. कोंडवाड्यात नर वेगळे, माद्या वेगळ्या, शिंगरं वेगळी. नरांना खच्ची केलं जातं. पुढे ओक्लाहोमा, कॅन्सस अशा राज्यांतल्या भाड्याच्या कुरणांवर माद्या एका ठिकाणी आणि खच्ची घोडे दुसऱ्या ठिकाणी, मरेपर्यंत. २०२२ मध्ये कोलोराडोतल्या कॅन्यन सिटीच्या सरकारी कोंडवाड्यात घोड्यांच्या फ्लूची साथ आली आणि सुमारे १४५ घोडे गेले.

यातले काही लोकांना दत्तक दिले जातात. दत्तक घेणारे कमी पडायला लागले तेव्हा २०१९ पासून सरकारने घोडा नेणाऱ्याला १,००० डॉलर द्यायला सुरुवात केली. वर्ष झालं, मालकीचा कागद हातात आला, पैसे खात्यात जमा झाले, की काही जणांनी तेच घोडे कत्तलीच्या लिलावात विकले. अमेरिकेत घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले आहेत, पण मेक्सिको आणि कॅनडात ट्रक जातात. हे २०२१ मध्ये वर्तमानपत्रांतून उघड झालं आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ती योजना रद्द केली. वेल्मा जॉन्स्टनने ज्या ट्रकविरुद्ध आयुष्य वेचलं, त्या ट्रकचं भाडं सरकारी तिजोरीतून जाऊ लागलं होतं. मला या साऱ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात लाजिरवाणी वाटते.

आणि घोडे उचलण्याने वाढ थांबते का? उलट होतं. कळप कमी केला की उरलेल्यांना चारा भरपूर मिळतो, घोड्या धष्टपुष्ट होतात, जास्त शिंगरं जगतात. उचलून नेण्याची ही पद्धतच वाढीचा दर चढता ठेवते, हे २०१३ च्या त्याच अहवालाने सांगितलं होतं. मग पुन्हा हेलिकॉप्टर, पुन्हा कोंडवाडा, पुन्हा दाणावैरणीचं बिल. त्या बिलामुळे दुसरं काही करायला पैसा उरत नाही. २०२२ मध्ये खात्याने जवळपास २०,००० जनावरं जमिनीवरून उचलली. त्याच वर्षी गर्भनिरोधक लस दिलेल्या माद्यांची संख्या २,००० देखील नव्हती.

ही लस नवी नाही, हेच तर दुःख आहे. अटलांटिक किनाऱ्यावर अ‍ॅसाटीग नावाचं लांबट वाळूचं बेट आहे, मोठा भाग मेरीलँड राज्यात, उरलेला व्हर्जिनियात, मधे कुंपण. मेरीलँडच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान खात्याने १९९४ पासून घोड्यांच्या माद्यांना पीझेडपी नावाची लस द्यायला सुरुवात केली. डुकरिणीच्या अंडाशयातून काढलेल्या प्रथिनापासून ती बनते. ते प्रथिन टोचलं की घोडीचं शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि शुक्राणू बीजांडाला चिकटू शकत नाही. पोटात गर्भ असेल तर त्याला धोका नाही, आणि कळपातली नाती आणि वागणं बऱ्याच अंशी पूर्वीसारखं राहतं. तीस-चाळीस मीटरवरून बंदुकीने छोटा डार्ट मारायचा, तो मांडीत टोचून खाली पडतो, घोडी दोन उड्या मारते आणि पुन्हा चरायला लागते. तिथला कळप या शतकाच्या सुरुवातीला १७५ च्या घरात होता. एकही घोडा न पकडता तो पुढे १०० च्या आत आला. यात एक गोष्ट कुणी आधी धरली नव्हती. बाळंतपणांचा ताण गेल्यामुळे माद्या खूप जास्त जगू लागल्या, त्यामुळे संख्या सावकाश उतरली. घोडीच्या दृष्टीने पाहिलं तर याहून चांगली बातमी कोणती असणार! कुंपणापलीकडे व्हर्जिनियात, चिंकोटीग गावच्या अग्निशमन दलाच्या मालकीचा कळप आहे. तिथे दर जुलैत घोडे खाडीतून पोहत पलीकडे नेतात आणि शिंगरांचा लिलाव करतात. तीही एक रीत आहे, गावाचा उत्सव आहे, संख्या आटोक्यात राहते. दोन्ही बाजूंनी निदान हे मान्य केलं आहे की कळपाला हद्द लागते.

‘बेटावर जमलं, नेवाडात जमणार नाही,’ हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. बेटावर प्रत्येक घोडी नावानिशी ओळखीची असते. नेवाडात एकेक कळपक्षेत्र लाखो एकरांचं, घोडे माणूस दिसताच अर्ध्या मैलावरून पसार. पीझेडपीचा साधा डोस साधारण वर्षभर टिकतो, म्हणजे दरवर्षी तीच घोडी शोधायची. आणि कळपातल्या बहुसंख्य माद्यांपर्यंत लस पोहोचली नाही तर आकड्यात फरक पडत नाही. पण कोलोराडोतल्या स्प्रिंग क्रीक बेसिनसारख्या छोट्या कळपांत ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटने स्वयंसेवकांच्या मदतीने हे करून दाखवलं आहे. तिथे २०११ नंतर घोडे हाकून पकडावे लागलेले नाहीत. नेवाडातच, रेनोच्या पूर्वेला व्हर्जिनिया रेंजवर राज्य सरकारच्या अखत्यारीतले सुमारे ३,००० घोडे आहेत. तिथे घोडेप्रेमी संस्थेचे स्वयंसेवक २०१९ पासून डार्ट मारताहेत. दुर्गम कळपांसाठी एकापेक्षा जास्त वर्षं टिकणाऱ्या लसी आहेत, त्या पकडलेल्या घोडीला टोचून तिला तिच्या कळपाकडे परत सोडता येतं. म्हणजे तिथे हेलिकॉप्टर लगेच सुटणार नाही, पण त्याचं काम बदलेल.

दिरंगाईची किंमत पाहायची तर ऑस्ट्रेलियाकडे बघावं. न्यू साउथ वेल्स राज्यात कॉशियस्को राष्ट्रीय उद्यानातल्या ‘ब्रम्बी’ घोड्यांना २०१८ मध्ये खास कायदा करून वारसा म्हणून संरक्षण दिलं गेलं. उंचावरच्या त्या दलदलींमध्ये बोटाच्या पेराएवढा, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा कॉरोबोरी बेडूक राहतो. जगात दुसरीकडे कुठे निसर्गात नाही असे जीव तिथे आहेत. घोडे वाढत गेले. २०२३ मध्ये अंदाज सुमारे १३,००० पासून २२,००० पर्यंतचा होता, आणि कायद्याच्या योजनेतलं लक्ष्य ३,००० चं. त्या ऑक्टोबरमध्ये सरकारने हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी दिली आणि त्यानंतर हजारो घोडे मारले गेले. त्या वेळी तिथे दुसरा उपाय उरला नव्हता, असं मलाही वाटतं. पण २०१८ मध्ये घोड्यांच्या प्रेमापोटी कायदा करणाऱ्यांनी त्याच दिवशी जन्मदर रोखण्याचं काम हाती घेतलं असतं, तर त्यातल्या कित्येकांचा जन्मच झाला नसता आणि त्यांना असं मरावंही लागलं नसतं.

हे आपल्यापासून लांबचं नाही. जुन्नर भागात उसात जन्मलेल्या, उसालाच रान समजणाऱ्या बिबट्यांच्या माद्यांवर गर्भनिरोधाचा प्रयोग करण्याचा विषय २०२५ मध्ये निघाला आणि लगेच दोन तट पडले. तिथे माणसांचे, लहान मुलांचे जीव गेले आहेत, तेव्हा घोड्यांशी त्याची बरोबरी होत नाही. पण नसबंदीला ‘निसर्गात ढवळाढवळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पकडून पिंजऱ्यात ठेवलेल्या बिबट्यांचं आयुष्यही डोळ्यांपुढे आणावं. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत तर आपल्याकडे २००१ पासून नियम आहेत आणि कुत्र्यांना मारायला बंदी आहे. शस्त्रक्रिया मात्र इतक्या तुटपुंज्या होतात की बऱ्याच शहरांत संख्या हलत नाही. मग एक दिवस कुणीतरी विष घालतं. बंदी करणं सोपं असतं, त्यामागचं काम वर्षानुवर्षं, कुणी टाळ्या वाजवत नसताना करावं लागतं. अमेरिकेतही ते झालं नाही, आपल्याकडेही होत नाही.

मला विचाराल तर पुढची दहा वर्षं तिथे उलटा हिशोब व्हायला हवा. जिथे झरे आणि कुरणं खरोखर कोलमडताहेत तिथून घोडे हलवावेच लागतील, पण एकदाच, आणि परत सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक घोडीला दीर्घकाळ टिकणारी लस दिल्याशिवाय कुंपणाचं दार उघडू नये. छोटे, ओळखीचे कळप स्थानिक स्वयंसेवकांकडे डार्टसह सोपवावेत. घोड्यांच्या जमिनीवरचे चराईचे परवाने ज्यांना स्वखुशीने सोडायचे आहेत, त्या पशुपालकांना योग्य मोबदला देऊन ते कायमचे बंद करता यावेत, असा कायदा व्हावा. कळपांच्या मर्यादा झऱ्याझऱ्यावरच्या मोजणीतून नव्याने ठराव्यात आणि त्या मोजणीत गुरंही धरावीत. हे सगळं स्वस्त नाही. कोंडवाड्यातल्या घोड्यांना त्यांच्या नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळावंच लागेल, त्यांना विकण्याचा किंवा मारण्याचा मार्ग मी मानत नाही. म्हणून सुरुवातीची काही वर्षं दोन्ही खर्च एकदम येतील, लसीचाही आणि वैरणीचाही. अमेरिकी काँग्रेस दरवर्षीच्या अर्थसंकल्पात निरोगी घोडे मारायला पैसा वापरता येणार नाही अशी अट घालते. त्या अटीच्या खालच्या ओळीत लसीसाठीची वेगळी, दुसरीकडे न वळवता येणारी रक्कम आणि दरवर्षी किती माद्यांना लस द्यायची त्याचा आकडाही लिहावा. हेलिकॉप्टर थांबवा म्हणणाऱ्या संघटनांनी आणि घोडे हटवा म्हणणाऱ्या पशुपालकांनी एकत्र येऊन मागावी अशी ही मागणी आहे, आणि ती दोघांनाही मागता येण्यासारखी आहे.